चार ऋतूंचं घर

2012च्या ऑगस्टमध्ये एका रात्री धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, राहायला ट्रेलर घेतोय. ही माहितीपत्रकं जरा वाचून सांग."

त्याचा नुकताच घटस्फोट झाला होता आणि नवी नोकरी नॉर्थ डकोटातल्या विलिस्टनला होती. बाकेनच्या तेलामागे तिथं माणसांची झुंबड उडालेली. भाड्याची खोली मिळेना, मिळाली तर परवडेना. गाडीमागे ओढायच्या ट्रेलरांमध्ये कितीतरी कामगार राहत होते. त्यात नाताळच्या सुट्टीत सात वर्षांची लेक त्याच्याकडे येणार होती.

मी हैदराबादला बसून भाषांतरं करणारी बाई. त्याचं इंग्रजी माझ्याहून सफाईदार. मग मी कशाला? तो म्हणाला, "तू शब्दांवर संशय घेतेस, म्हणून."

प्रत्येक पत्रकात एक शब्दप्रयोग होता: चार ऋतूंसाठी योग्य. मी तिथंच अडले. कुठल्या गावचे चार ऋतू? हे ट्रेलर बहुतेक इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात आणि विलिस्टनला जानेवारीत पारा उणे तिसापर्यंत उतरू शकतो. आपल्याकडे गोठतं ते खोबरेल तेल. बाटली उन्हात ठेवली की झालं. तिथं नळ गोठतो, सांडपाण्याची टाकी गोठते, प्लास्टिकचे पाइप तडकतात.

म्हणून आम्ही विशेषणं बाजूला ठेवली आणि प्रश्न लिहून काढले. टाक्या उघड्यावर लटकतात, की तळ बंद करून भट्टीची गरम हवा तिथं सोडली आहे? खिडक्यांना दुहेरी काच आहे का? भिंतीत नुसता ॲल्युमिनियमचा सांगाडा असेल, तर त्या पट्ट्यांतून उष्णता बाहेर जाते. त्याला आवडलेल्या मोठ्या ट्रेलरला बाहेर सरकणारी खोली होती, तिच्यात लेकीसाठी वेगळा पलंग. पण सरकत्या खोलीच्या कडेच्या रबरी पट्ट्यांतूनच वारा आत शिरतो. दुसरा लहान होता, सरकती खोली नसलेला. जेवणाचं टेबल खाली पाडून त्याचीच झोपायची जागा करायची.

"तिला स्वतःची खोली हवी," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेवटी मी म्हटलं, "तिला ऊब हवी." तो बराच वेळ गप्प होता. त्याने लहान ट्रेलर घेतला.

थंडी आली तसं आम्ही दोघंही शिकलो. ट्रेलरभोवती फोमच्या जाड पाट्यांचं कुंपण घातलं, म्हणजे खालून वारा जाऊ नये. नळीला विजेवर तापणारी पट्टी गुंडाळली. गॅस प्रोपेनच हवा. ब्यूटेनची शून्याखाली वाफच होत नाही, प्रोपेनची उणे बेचाळीसपर्यंत होते. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ खिडक्यांवर साचून भिंती ओल्या व्हायच्या, म्हणून कडाक्याच्या थंडीतही छताची झडप बोटभर उघडी ठेवायची. कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा तर हवाच.

आईला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी त्याने 'लहानसा फ्लॅट' घेतला होता. डिसेंबरात फोनवर तिने विचारलं, "पाणी येतं ना रे तिथं?" तो म्हणाला, "येतं की." त्याच सकाळी नळ गोठून तो बादलीत बर्फ वितळवत बसला होता. मला माहीत होतं. इतरांच्या वाक्यांत चुका शोधणारी मी त्या वाक्यापाशी गप्प बसले.

दोन वर्षांनी तो तिथून निघाला, तेव्हा आईला सगळं कळलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "पोरीला थंडी नाही ना वाजली?"

"नाही वाजली," तो म्हणाला. ते मात्र खरं होतं.