कानस खाली ठेव

पुणे, रविवार रात्र

चि. मल्हार,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. लगेच फोन उचलला होता, पण फोनवर मी नुसती ओरडले असते आणि तू नुसतं 'हो, हो' केलं असतंस. म्हणून लिहितेय. तिसऱ्या परिच्छेदात तू किती सहज लिहून गेलास, की अण्णांच्या गिटारीच्या घोडीवरचं हाड कानशीने घासणार, तारा खाली आणणार, वरच्या फळीवर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवणार, की झाली फ्लॅमेंको गिटार! अरे, असं नसतं रे ते. कानस आणली असलीस तर ती आधी ज्याची त्याला देऊन ये, मग पुढचं वाच.

नीट हिशोब सांगते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो. तिथे तार एक मिलिमीटर खाली यायला हवी असेल, तर घोडीवरचं हाड दोन मिलिमीटर घासावं लागतं. तुझ्या गिटारीत ते हाड दिसतंच मुळी जेमतेम तीन मिलिमीटर. त्यातलं दोन गेलं की तारेचा हाडावरचा दाब जातो आणि आवाज बसतो. वर तारा पडद्यांवर खरखरायला लागतील ते वेगळंच. फ्लॅमेंको गिटारीची मानच मुळात वेगळ्या कोनात बसवतात. घोडीपाशी तारा फळीपासून सात-आठ मिलिमीटरवर असतात. क्लासिकलमध्ये हेच अंतर दहा-अकराच्या घरात जातं. हे अंतर कमी ठेवायचं कारण उजव्या हातात आहे. तार छेडता छेडता त्याच हाताच्या अनामिकेने खाली फळीवर ठोका द्यायचा असतो. त्याला ते 'गोल्पे' म्हणतात, आणि तो ठोका सोसण्यासाठी ती पट्टी असते. तारा उंच असतील तर बोट फळीपर्यंत वेळेत पोहोचत नाही. म्हणजे पट्टी लावून तुझ्या पदरात काय पडणार? उद्या ती सोलायला गेलास तर खालचं पॉलिशही तिच्याबरोबर निघून येईल.

आता लाकूड. फ्लॅमेंकोची जी 'ब्लांका', म्हणजे पांढरी गिटार, तिची पाठ आणि कडा सायप्रसच्या असतात, वरची फळी स्प्रूसची. सायप्रस हे स्पेनमधलं गावठी झाड, हलकं आणि एके काळी स्वस्त. क्लासिकलला लागायचं ते रोझवूड मात्र ब्राझीलहून यायचं. आन्तोनिओ दे तोर्रेस (१८१७-१८९२) हा आल्मेरियाचा कारागीर. आजच्या गिटारीचं माप आणि आतल्या पट्ट्यांची पंख्यासारखी मांडणी त्याच्या हाताखाली स्थिरावली. तो सायप्रसच्याही गिटारी करी आणि रोझवूडच्याही. या दोन वेगळ्या जाती आहेत असं त्याच्या काळी फारसं कोणी म्हणत नव्हतं. १८६२ साली त्याने एका गिटारीची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या, आवाजाचं खरं काम वरची फळी करते हे दाखवायला. फळी ही अशी चीज असते, आणि तू तिच्यावर गोंद लावायला निघालास!

आणि रोझवूडवरून आठवलं. ब्राझीलच्या रोझवूडच्या व्यापारावर १९९२ साली आंतरराष्ट्रीय बंधनं आली. पण त्याच्याही आधीपासून जगभरचे कारागीर आपल्या दक्षिणेतल्या शिसवाकडे वळले होते. अण्णांच्या गिटारीची पाठ त्याच शिसवाची आहे. बाहेरचे लोक ते लाकूड शोधत आपल्याकडे येतात आणि तुला मात्र घरातल्या लाकडाचा आवाज 'फार लांबतो' म्हणून नकोसा झालाय. लांबतो हे खरंच आहे, पण तो दोष नव्हे. बाखच्या संथ चालीत किंवा तार्रेगाच्या ट्रेमोलोत, म्हणजे एकच सूर भराभर छेडण्यात, सूर रेंगाळायलाच हवा. सायप्रसचा सूर पटकन उठतो आणि पटकन विरतो. रास्गेआदोत चारही बोटं एकामागोमाग एक तारांवरून उलगडतात, तेव्हा प्रत्येक बोटाचा मार सुटा ऐकू यावा लागतो, म्हणून त्यांना तसं लाकूड हवं. समोर टाचांचा दणका, शेजारी टाळ्या, मध्ये गाणाऱ्याचा फुटलेला गळा, आणि एकोणिसाव्या शतकातल्या सेव्हियाच्या कॅफेत कुठला आलाय मायक्रोफोन! त्या गलक्यातून वर यायचं तर तुटक, कोरडा, टणक आवाजच लागतो.

म्हणजे मुद्दा काय, की ती गिटार गाणाऱ्यासाठी आणि नाचणाऱ्यासाठी तशी झाली. तिचं लाकूड, तिच्या तारांची उंची, मानेवर चिमटीसारखी बसणारी ती 'सेहिया', सगळं दुसऱ्यासाठी. सेहिया कशाला असते? गाणाऱ्याची पट्टी वर असो की खाली, वाजवणाऱ्याला आपल्या ओळखीच्या बोटांत साथ करता यावी म्हणून. तुझ्या आईच्या मागे पेटीवर बसणारे नाना आठव. तिने श्वास कुठे घेतला हे त्यांना तिच्याआधी कळायचं. फ्लॅमेंकोतला गिटारवाला हा तसा माणूस आहे. आणि तू मला अडीच पानं लिहिलीस, त्यात पिकादोचा, म्हणजे एकेका सुराच्या तानांचा, वेग आहे, मेट्रोनोमचे आकडे आहेत, नखांची लांबी आहे. गाणाऱ्याचं नाव एकदाही नाही! कामारोन नाही, चाकोन नाही. मला खरा राग याचा आला, हाडाचा नंतर.

तू म्हणशील, पाको दे लुसिया एकटाच तर वाजवायचा. छे! पोरवयात तो होसे ग्रेकोच्या नृत्यमंडळाबरोबर गावोगाव हिंडला. पुढे १९६९ पासून कामारोनच्या गाण्यामागे बसून त्याने एकामागून एक तबकड्या केल्या. 'एन्त्रे दोस आग्वास' गाजलं ते १९७३ च्या तबकडीतलं, म्हणजे साथीची वर्षं ऐन भरात असतानाचं. त्याच्याही आधीचा रामोन मोन्तोया घे. बरीच वर्षं आन्तोनिओ चाकोनच्या साथीला घालवली आणि १९३६ साली पॅरिसला एकट्याने मैफल केली ती पन्नाशी उलटल्यावर. मोन्तोयाने क्लासिकलवाल्यांकडून ट्रेमोलो आणि आर्पेजिओ उचलले, हेही लक्षात ठेव. तार्रेगाचा ट्रेमोलो एका फेरीत चार सुरांचा, फ्लॅमेंकोचा पाचांचा. उसनं घेतलं पण आपल्या चालीत बसवून घेतलं. उलट बाजूने पाहा. क्लासिकलच्या सेगोवियाने गिटार मोठमोठ्या सभागृहांत नेली आणि पुढे फ्लॅमेंकोवाल्यांकडे पाहून नाकही मुरडलं. पण १९२२ च्या जूनमध्ये संगीतकार फाया आणि कवी लोर्का यांनी ग्रानादाला आल्हाम्ब्रात 'कान्ते होन्दो' गाण्याची स्पर्धा भरवली, तेव्हा तोही तिथे होताच. शिवाय १९९१ साली पाकोने 'कोन्सिएर्तो दे आरान्हुएस' वाजवलं, ते रचणारे खुद्द रोद्रिगो समोर बसून ऐकत होते. ये-जा दोन्हीकडून चालूच असते. पण ज्याने त्याने आधी आपलं घर नीट ओळखलं होतं.

आपल्याकडे हल्ली सगळ्यांना एकट्याने चमकायचंय. साथ म्हणजे कमीपणा! दार लावायचं, स्क्रीनवर कुणाची तरी बोटं बघायची, तीच बोटं तितक्याच वेगात हलवायची. या वाटेने बोटं तयार होतील रे, पण कान तयार होणार नाही. म्हणून सांगते, महिनाभर गिटार पेटीत ठेव आणि टाळ्या वाजव. सोलेआ या फ्लॅमेंको प्रकाराच्या बारा मात्रा घे, जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. गाणारा आठवर थांबला, दहावर सुटला, की तुझ्या टाळीला ते कळलं पाहिजे. जेवताना, ऑफिसच्या बसमध्ये, कुठेही कर. लोक बघतील, बघू देत. हे अंगात मुरल्यावर तुझ्या याच शिसवाच्या गिटारीवर सोलेआ वाजव. आवाज थोडा गोल येईल, पण सोलेआच येईल. अट्टल फ्लॅमेंकोवालेसुद्धा रोझवूडच्या 'नेग्रा' वाजवतातच की.

आता ज्या ओळीने माझी झोप उडवली तिच्याकडे येते. 'मनगट जरा दुखतं, पण चालायचंच,' असं तू लिहिलंयस. कसलं चालायचंच? क्लासिकलमध्ये बोटं आत ओढायची असतात, तुझी इतकी वर्षं त्यातच गेली. रास्गेआदोत ती बाहेर झटकायची असतात. ते काम करणारे स्नायू हाताच्या मागच्या बाजूला असतात आणि तुझे ते कधी कामाला लागलेलेच नाहीत. त्यांना एकदम रोज तीन-तीन तास जुंपलंस तर ते ओरडणारच. बसण्याची ढबही बदलली असणार. डाव्या पायाखालचं स्टूल गेलं, पायावर पाय टाकून गिटार उजव्या मांडीवर आली, म्हणजे खांदा वेगळा, मनगटाचा बाक वेगळा. आणि नखांवर ते फेविक्विक थापणं आधी बंद कर. तिकडचे वादक नखांना गोंद लावतात हे मलाही ठाऊक आहे, पण त्यांना रात्रीच्या रात्री लोकांपुढे वाजवायचं असतं. तुला कुठे जायचंय? एकदा नख पातळ होऊन सोललं की चार महिने हात धरून बसशील.

दुसरं म्हणजे, रात्री दहा ते एक खोली बंद करून वाजवतोस, गुरुवारच्या मंडळींकडे जाणं सोडलंस, हेही तू ओघात लिहिलंस. का सोडलंस? भांडण झालं का कुणाशी? वहिनीला विचारलं तर ती म्हणते, 'त्याला हल्ली जेवायचंही भान नसतं.' तुझे बाबाही असेच गप्प होत गेले होते. तेव्हा मी काय काय केलं ते तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही.

आणि नागपूरचा उन्हाळा! गिटार कूलरसमोर भिंतीला टांगली असशील तर आजच्या आज काढ. दिवसभर वाळायचं आणि रात्रभर दमट हवा खायची, यात लाकूड फुगतं, आकसतं आणि शेवटी तडकतं. पेटीत ठेव, पेटी पलंगाखाली, खिडकीपासून लांब. सायप्रसची ब्लांका तर हिच्याहून पातळ आणि नाजूक असते. ती तुला घ्यायचीच असेल तर दिवाळीनंतर बघू, निम्मे पैसे मी घालीन. पण तोपर्यंत सोलेआच्या टाळ्या एकदाही न चुकता मला ऐकवायच्या, आणि अण्णांच्या गिटारीला हत्यार लावायचं नाही.

उद्या सकाळी आधी डॉक्टरांना मनगट दाखव. ते जितके दिवस म्हणतील तितके दिवस वाजवू नकोस. आणि ते काय म्हणाले ते काही न लपवता मला कळव.

तुझी,
आत्या