आवाज फाडण्याचा उद्योग

'फाटणे' हे क्रियापद मराठीत दुधाला, कापडाला, आभाळाला आणि आवाजाला सारखेच लागते आणि चारही ठिकाणी त्यात नुकसानच अभिप्रेत असते. मांडवातल्या कर्ण्याचा आवाज फाटला की आपण यंत्राकडे संशयाने पाहतो आणि कुणाला तरी तो कमी करायला सांगतो. अशा भाषेत वाढूनही आम्ही दोघे गेली काही वर्षे पुण्यात, गच्चीवरच्या एका खोलीत, आवाज फाडणाऱ्या लहान पेट्या हाताने बनवून विकत आहोत. एका वेळी दहा-बारा. त्याहून अधिक नाहीत. त्या अधिक का नाहीत, याचे उत्तर द्यायला गेलो की आम्हाला आमच्या उद्योगाविषयी बरेच बोलावे लागते. ते एकदा नीट लिहून टाकावे म्हणून हा लेखप्रपंच.

गिटारशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेची थरथर तिच्या पिकअपमध्ये अगदी क्षीण विद्युत्संकेत निर्माण करते आणि तो केबलमधून अँप्लिफायरकडे जातो. या वाटेत जमिनीवर ठेवलेली, पायाने चालू-बंद करायची पेटी म्हणजे पेडल. कोणते पेडल प्रतिध्वनी देते, कोणते आवाजाला हेलकावे देते. आमचे पेडल 'फज' या जातीचे.

या जातीचा जन्मच बिघाडातून झाला. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी'चे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज मिक्सिंगच्या टेबलातल्या एका नादुरुस्त चॅनलमुळे चिरफाळून बाहेर पडला. तो तुकडा काढून टाकता आला असता. पण तो राहिला आणि १९६१ साली गाणे गाजले. मग इतरांनाही तोच आवाज हवासा वाटू लागला. बिघडलेला भाग तर पुरता निकामी होऊन बसला होता. तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तोच बिघाड हुकमी घडवून आणणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट तयार केले आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते 'माइस्ट्रो फज-टोन' या नावाने बाजारात आणले. गंमत अशी, की फजची भलामण त्या वेळी 'गिटारमधून ट्रंपेट-सॅक्सोफोनसारखा आवाज काढणारे यंत्र' अशी केली गेली. फाटलेला आवाज फाटलेला म्हणून विकण्याचे धैर्य अजून कोणात नव्हते. १९६५ साली 'सॅटिस्फॅक्शन' मध्ये कीथ रिचर्ड्सने हेच पेडल वापरले, तेही ती धून पुढे खऱ्या पितळी वाद्यांवर घ्यायची या हिशेबाने, तात्पुरते. तात्पुरते होते तेच राहिले.

आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते? संकेत वाढवता वाढवता बॅटरीच्या नऊ व्होल्टांची मर्यादा येते, लाटेला आणखी उंच व्हायला जागाच उरत नाही आणि तिचा माथा सपाट कापला जातो. या कापण्यातून मूळ स्वरात नसलेले अनेक वरचे स्वरांश जन्माला येतात. इथे तंबोऱ्याच्या जवारीची आठवण होणे अपरिहार्य आहे. घोडीचा माथा किंचित उतरता घासून, तार आणि हाड यांच्यामध्ये सुताचा 'जीव' सरकवून मिरजेचे कारागीर तारेला जो झंकार देतात, तोही वरच्या स्वरांशांचाच खेळ असतो. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे इथे आनंदाने नोंदवतो.) मात्र ही तुलना फार ताणू नये. जवारीतून चार तारा एकत्र वाजल्या तरी एकमेकींत मिसळून जातात. फजमध्ये दोन स्वर एकत्र सोडले तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून तिसरेच, बेसूर स्वर उपजतात आणि पूर्ण कॉर्डचा चिखल होतो. म्हणून फज वाजवणारे एकेक स्वर वाजवतात, फार तर षड्ज-पंचम. आम्हाला 'इलेक्ट्रिक जवारी' अशी जाहिरात करण्याचा सल्ला एकदोघांनी दिला होता. तो आम्ही मानला नाही.

आम्ही बनवतो ते सर्किट लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये आणलेल्या 'फज फेस'चे. जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर पोचले. सर्किटात मोजून अकरा भाग : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन फिरत्या खुंट्या. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ते एका दुपारी जोडेल. भाग तपकीर गल्लीत मिळतात, तिथे न मिळाले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. अडचण फक्त त्या दोन ट्रान्झिस्टरांची आहे, कारण ते जर्मेनियमचे हवेत आणि जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवणे जगाने फार पूर्वी जवळपास सोडून दिले. सिलिकॉन आले, ते स्वस्त, टिकाऊ आणि एकसारखे निघाले. जर्मेनियम यातले काहीच नव्हते. पण गिटारवरची आवाजाची खुंटी थोडी मागे घेतली की जर्मेनियमचे फज फाटणे सोडून काचेसारखे स्वच्छ होत जाते, आणि ते ज्या पायऱ्यांनी होते त्यात वाजवणाऱ्याला बोलायला जागा मिळते. आमच्या मते या पेडलचे सारे मोल त्या पायऱ्यांत आहे. नुसता गोंगाट हवा असेल तर त्यासाठी इतका खटाटोप नको.

आमचे ट्रान्झिस्टर आले ते रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानातून. दुकान कायमचे बंद व्हायचे होते. मालक ऐंशीच्या घरातले. सगळे त्यांना काका म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. डालड्याच्या दोन डब्यांत त्यांनी जुने ट्रान्झिस्टर जपून ठेवले होते. बहुतेक एसी १२८ आणि एसी १८८, बरेचसे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले. घराघरांतल्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या शेवटच्या टप्प्यात, स्पीकरच्या अलीकडे, असे दोन ट्रान्झिस्टर जोडीने काम करत : लाटेचा वरचा अर्धा भाग एकाकडे, खालचा दुसऱ्याकडे. दोघांची ताकद सारखी नसेल तर आवाज फाटे. म्हणून काका मोजून जोड्या लावत आणि दोऱ्याने बांधून ठेवत. तो दोरा डब्यातल्या काही जोड्यांवर अजून होता. आम्ही ते कशासाठी नेतो आहोत हे ऐकल्यावर ते म्हणाले, "जन्मभर लोक माझ्याकडे फाटका आवाज नीट करून घ्यायला आले. तुम्ही तो फाडायला नेताय होय?" मग हसून म्हणाले, "न्या. पण जोड्या मोडू नका."

जोड्या मोडाव्या लागल्या. फज फेसला सारख्या ताकदीचे दोन ट्रान्झिस्टर चालत नाहीत. पहिल्याची वर्धनक्षमता सत्तरच्या आसपास आणि दुसऱ्याची शंभर-सव्वाशे असेल तर तो मोकळा, गोलसर फाटलेला आवाज मिळतो. म्हणजे काकांनी ज्या गुणासाठी जोडी जमवली नेमका तोच आम्हाला अडचणीचा होता. कागदावर ही गोष्ट दोन ओळींची आहे. प्रत्यक्षात दोरा सोडताना आमचा हात अडखळला, हे सांगितले पाहिजे. जन्मभर एका माणसाने ज्या दोषाशी झुंज दिली तो दोष त्याच्याच हत्यारांनी निर्माण करायचा, यात कृतघ्नपणा आहे का, यावर आमच्यात तेव्हा वाद झाला. आमच्यापैकी एकाचे मत होते की आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, काकांचे कौशल्य आवाज स्वच्छ करण्याचे नव्हतेच. दोन ट्रान्झिस्टरांमधला फरक ओळखण्याचे होते, आणि आम्हीही तेच करतो आहोत. वाद मिटलेला नाही.

तो फरक ओळखायचा कसा, तर मोजून. आर. जी. कीन यांनी फज फेसवरच्या आपल्या लेखात सांगितलेली युक्ती जगभरचे पेडलवाले वापरतात. नऊ व्होल्टांवर, कलेक्टरला २४७२ ओमचा आणि बेसला २२ लाख ओमचा रेझिस्टर जोडला की मल्टिमीटरवरच्या व्होल्टच्या आकड्याला शंभराने गुणून थेट वर्धनक्षमता वाचता येते. पण जर्मेनियम गळते. बेसला काहीही न जोडताही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो आणि तो झिरपा खोट्या ताकदीचा देखावा करतो. म्हणून आधी नुसती गळती मोजायची आणि मग ती वजा करायची. चिमटीत धरलेल्या ट्रान्झिस्टरला बोटांची ऊब लागते, आकडा चढू लागतो. तो खाली येईपर्यंत हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचे. दोन्ही डब्यांत मिळून ४१२ नग होते. एक अख्खा हिवाळा त्यांत गेला. काही मेलेले निघाले, निम्म्याहून अधिक गळके. उरलेल्यांतून ३८ जोड्या जमल्या.

हिवाळ्यात मोजले याला कारण आहे. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. पुण्यात जानेवारीच्या पहाटे बारा अंश आणि एप्रिलच्या दुपारी अडतीस. म्हणजे तोच ट्रान्झिस्टर चैत्रात पाच-सहा पट गळतो. लंडनच्या थंडीत जन्मलेले सर्किट इथे उन्हाळ्यात धापा टाकते : दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा तोल ढळतो आणि स्वर खोकल्यासारखा तुटक येऊ लागतो. परदेशी पुस्तकांतले रेझिस्टर जसेच्या तसे लावून मराठवाड्यातल्या मे महिन्यात कार्यक्रम करता येणार नाही. म्हणून आम्ही ८.२ किलोओमच्या ठरीव रेझिस्टरच्या जागी फिरता रेझिस्टर बसवला आणि त्याची खुंटी पेटीबाहेर काढली. तिच्याखाली 'हवा' असे लिहिले आहे. आमच्या पेडलमध्ये आमचे म्हणावे असे एवढेच. बाकी सारे उसने.

या उसनवारीविषयी स्पष्ट बोलायला हवे. लहान प्रमाणावर पेडल बनवणाऱ्यांचा हा सारा व्यवसायच जुन्या सर्किटांच्या नकलांवर उभा आहे. 'बंदिश एकच, गायकी निराळी' असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो. परंतु गवई निदान घराण्याचे आणि गुरूचे नाव घेतो, कानाच्या पाळीला हात लावतो. पेडलवाला मात्र अनेकदा मूळ सर्किटाचे नाव खरवडून काढतो आणि ट्रान्झिस्टरवरचे आकडेही. आम्ही झाकणाच्या आत मूळ सर्किटाचे नाव, त्या नगातल्या दोन्ही ट्रान्झिस्टरांचे आकडे आणि मोजणीच्या वेळचे खोलीचे तापमान लिहून ठेवतो. त्यावरून कोणाला नक्कल करायची असेल तर करावी.

'हस्तनिर्मित' या शब्दाचेही तसेच. डाख हाताने लावला म्हणून आवाज सुधारत नाही; तो यंत्र आमच्याहून नीट लावते, न थकता लावते. या बाबतीत बिल फिनेगनचे उदाहरण बोधप्रद आहे. त्याने १९९४ पासून 'क्लॉन सेंटॉर' हे पेडल स्वतः, एकेक करून बनवले. सर्किट कोणाला दिसू नये म्हणून वर रेझिन ओतले. सुमारे आठ हजार नगांनंतर ते थांबले आणि जुन्या नगांना हजारो डॉलर मिळू लागले. २०१२ मध्ये त्यानेच तेच सर्किट यंत्राकडून जोडवून घेतलेल्या लहान पेटीत आणले, आणि या पेडलभोवतीचा हास्यास्पद गाजावाजा आपण केलेला नाही, अशा अर्थाचे वाक्य त्या पेटीवरच छापले. हाताची महती गाणाऱ्यांनी ते वाक्य वाचावे. आमच्या पेडलमध्ये हात कुठे असेल तर तो टाकून दिलेल्या ट्रान्झिस्टरांत आहे. ते काम कारखान्याला परवडत नाही, एवढाच काय तो फरक. आम्हालाही परवडते असे नाही. आमच्यापैकी एक नोकरी करतो आणि दुसरा शिकवण्या घेतो.

दहा-बारांहून अधिक का नाहीत, याचे उत्तर आता आले असेल. ३८ जोड्यांपैकी पहिल्या खेपेत १२ गेल्या, दुसऱ्या खेपेत १०. उरल्या १६. आणखी डबे शोधले. मिळाले ते बहुतेक गळके, काही तर नव्याने शिक्का मारलेले नकली. सिलिकॉनकडे वळणे हा सरळ मार्ग आहे. दिल्लीची सीडीआयएल ही कंपनी १९६४ पासून सिलिकॉनमध्ये आहे, आणि तिचे धातूच्या टोपीचे बीसी १०८ व १०९ परदेशातले फजवाले आवडीने लावतात. हेंड्रिक्सदेखील पुढे सिलिकॉनच्या फजकडे गेलाच. आम्ही एक नमुना करून पाहिला. आवाज धारदार आहे, उन्हाळ्यात ढळत नाही. मात्र वर्धनक्षमता इतकी की एका संध्याकाळी गिटारची तार न छेडताच त्यातून आकाशवाणीच्या बातम्या ऐकू आल्या. काका असते तर खूश झाले असते. शंभर पिकोफॅरडचा एक कपॅसिटर लावून ते थांबवले. पायऱ्या मात्र तितक्या उतरत नाहीत. 'हवा'ची खुंटीही त्यावर शोभेची ठरते.

कोल्हापूरच्या एका गिटारवाल्याने मित्राकडचे आमचे पेडल ऐकून 'अगदी तसेच' मागितले आहे. अगदी तसे देता येत नाही. त्या नगात ७२ आणि ११८ होते, उरलेल्यांत ६९ आणि १२१ आहेत. त्याला तसे कळवले. ऐकून घ्या आणि मग ठरवा, असेही कळवले. विकलेल्या २२ नगांची दुरुस्ती आम्ही आहोत तोवर आमच्याकडे आहे, हे प्रत्येकाला तोंडी सांगितलेले आहे. म्हणून सोळांतल्या सहा जोड्या वेगळ्या काढून, दोऱ्याने बांधून, डालड्याच्या डब्यात परत ठेवल्या. उरलेल्या दहांची खेप मार्गशीर्षात, थंडी पडल्यावर जोडायला घेऊ.