धुऱ्यावरचा लाल डोक्याचा सरडा



रोहिणी लागली की आमच्या घाटंजीकडच्या वावराच्या धुऱ्यावर, बोरीच्या शेंड्यावर एक सरडा येऊन बसतो. डोकं अन् खांदे लालभडक, गळा काळा. लहानपणी आम्हाला सांगत, हा लांबूनच माणसाचं रक्त पितो, म्हणून तोंड लाल. दिसला की दगड. मीही मारलेत, खोटं कशाला बोलू?

यंदा पुतण्या पुण्याहून सुट्टीत आला. त्याच्या मित्राकडे काचेच्या पेटीत ऑस्ट्रेलियातला पाळीव सरडा आहे, बियर्डेड ड्रॅगन. "काका, तो पण अस्साच मान हलवते, अन् त्याची दाढी काळी होते." दोघंही एकाच कुळातले. मग आम्ही चार-पाच दिवस सकाळी बांधावर बसून पाहिलं.

ऊन अंगावर आलं की नर शेंड्यावर चढतो, गळा फुगवतो अन् पैलवानासारखे जोर काढतो. रक्त नाही, रंग आहे तो. मादीला दाखवायचा अन् दुसऱ्या नराला बजावायचा, ही जागा माझी. विणीचा हंगाम सरला की लाली उतरते.

तिसऱ्या दिवशी पलीकडून दुसरा नर आला. दोघं आडवे झाले, अंग चपटं करून मोठं दाखवलं, माना हलवल्या, एकदा चावाचावी झाली. हरला त्याचा लाल रंग बघता बघता मातकट झाला अन् तो पळाला. जिंकलेला त्याच्या मागं कुंपणापर्यंतच गेला, पुढं नाही. आपण "सरड्याची धाव कुंपणापर्यंत" हे टोमणा म्हणून बोलतो. मला तर त्यात शहाणपण दिसलं.

पुतण्या म्हणाला, पेटीत दोन नर ठेवले तर हरलेल्याला पळायला जागाच नसते. मग बोटं, शेपूट तुटतात, खाणं सुटतं. म्हणून नर एकेकटाच ठेवतात.

मृगाचा पाऊस झाला अन् मादी खाली उतरली. ती साधी, मातीच्या रंगाची. धुऱ्याच्या पायथ्याशी ओल्या भुसभुशीत मातीत खड्डा करते, दहा-वीस अंडी घालते, माती लोटून दाबते अन् निघून जाते. पिल्लं साधारण सहा-सात आठवड्यांनी निघतात. म्हणजे नेमकी आपल्या डवरणी-निंदणात. मागच्या साली डवऱ्याखाली अशीच पांढरी, मऊ कवचाची अंडी निघाली. सापाची समजून मी विळ्यानं फोडली. आता वाईट वाटते.

हा धुरा माझ्या अन् चुलतभावाच्या मधला. तीन वर्षं बोलणं बंद, मोजणी दोनदा झाली. तो त्याच्या बाजूनं कोरतो, मी माझ्या बाजूनं उन्हाळ्यात पेटवून देतो. यंदा मी पेटवला नाही. डवराही धुऱ्यापासून एक तास सोडून चालवला. त्याला स्वतः जाऊन म्हणालो, "दादा, पोळ्यापर्यंत धुरा कोरू नको, अंडी आहेत." तो हसला, "सरड्यासाठी आला का रे?" पण त्याचा डवरा त्या दिवशी हातभर आधीच वळला. वाद मिटला नाही, पण बोलणं झालं.

एक सांगून ठेवतो. सरडा नाकतोडे, मुंग्या, अळ्या, भुंगे खातो, पण मित्रकीटकही सोडत नाही. अन् गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, तिथं त्याचं काही चालत नाही. कामगंध सापळे लावायचेच. सरडा विषारी नाही, एवढं मात्र पोरांना सांगा.

2016 साली शास्त्रज्ञांनी गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांच्या एका नव्या प्रजातीला 'सारडा' हेच नाव दिलं, आपल्या मराठी शब्दावरून. त्यातला एक साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा. जगाला नाव आपण दिलं, अन् दगडही आपणच मारतो.

तुमच्या धुऱ्यावर लाल डोक्याचा दिसला का? यंदा दोन हात धुरा त्याच्यासाठी सोडून पाहा.