चंद्राचा क्षय आणि रोहिणी

क्षयाची आपल्याकडची आद्यकथा एका पुरुषाची आहे. दक्षाने आपल्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या; तो एकट्या रोहिणीतच गुंतून पडला, सासऱ्याचा कोप झाला आणि तो झिजू लागला. चरकसंहितेतील राजयक्ष्म्याची चिकित्सा याच कथेने सुरू होते आणि रोगाच्या कारणांत अतिमैथुनाने होणारा शुक्रक्षयही येतो. रोहिणी आजारी पडली असती तर? कथेत त्याला जागाच नाही. स्त्री तिथे रोगाचे निमित्त आहे, रोगी नव्हे.

वसईत आमच्या इमारतीतील एक तरुण सून पाच महिन्यांची गरोदर असताना महिनाभर खोकत होती. थकवा, धाप, रात्रीचा घाम या साऱ्यांवर घरात एकच उत्तर होते : दिवस आहेत, असे व्हायचेच. पोट वाढत असल्याने अंग उतरल्याचे कोणाच्या नजरेस येत नव्हते. अखेर थुंकीत जंतू सापडले. महापालिकेच्या दवाखान्यातून मोफत गोळ्या आल्या आणि आठवड्याभरात सासूबाईंनी त्या बाजूला ठेवल्या. आधी बाळ सुखरूप येऊ दे, मग पाहू. "काकू, डॉक्टर म्हणतात घे, आई म्हणतात थांब. मी कोणाचे ऐकू?" तिने मला जिन्यात विचारले.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांना घेऊनच आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल, पायरॅझिनामाइड ही औषधे गरोदरपणातही देतात. टाळायचे ते स्ट्रेप्टोमायसिन, कारण त्याने गर्भाच्या श्रवणशक्तीला इजा पोचू शकते. उपचाराविना राहिलेला क्षय मात्र आई आणि बाळ दोघांनाही घातक, आणि बाळंतपणानंतर तो उसळी घेण्याचा संभव अधिक. म्हणजे 'मग पाहू' हाच सर्वांत वाईट मुहूर्त. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा उरत नाही, हे मात्र त्यांनी पुढे, सासूबाई बाहेर गेल्यावर, आवाज उतरवून सांगितले.

हा निव्वळ अडाणीपणा म्हणावा, तर विज्ञानानेही फार वेगळे केलेले नाही. थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेने धास्तावलेल्या अमेरिकेने १९७७ साली गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रियांना नव्या औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याचे धोरण घेतले. ते १९९३ मध्ये मागे घेतले गेले. गरोदर स्त्रिया त्यानंतरही बहुधा बाहेरच राहिल्या. ज्या देहाला जपायचे, त्याच्याविषयीचे ज्ञानच अपुरे ठेवायचे, असा हा प्रकार.

वर्गात 'आनंदी गोपाळ'वर बोलताना आपण गोपाळरावांच्या हट्टात रमतो आणि क्षयाला करुण शेवट म्हणून उरकतो. मला आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय अधिक बोलका वाटतो. चौदाव्या वर्षी दहा दिवसांचे मूल गमावलेल्या या स्त्रीने १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली, ती आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर लिहून. स्त्री-वैद्याची गरज तेव्हाच्या समाजाला पटवायची तर प्रसूतीच्याच दाराने आत यावे लागे, असे मला वाटते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविशी गाठण्याआधीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. कॉखने जंतू शोधल्याला तेव्हा पाच वर्षे होत आली होती. औषध मात्र १९४०च्या दशकात आले.

शेजारच्या सुनेला मुलगी झाली. गोळ्यांच्या पाचव्या महिन्यात बारसे झाले. ती मुलीला अंगावर पाजत होती, मुलीलाही प्रतिबंधक औषध चालू होते. माहेरची माणसे यायच्या आधी तिने स्वतःच्या गोळ्यांचे पाकीट कपाटात, साड्यांच्या घडीखाली सरकवले.