वालधुनीकाठच्या दोन घटिका

अंबरनाथजवळच्या डोंगरांतून निघालेली वालधुनी प्राचीन शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते आणि उल्हास नदीला मिळते. मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, राजवट शिलाहारांची. येथील गाभारा उंचावर नाही. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली जावे लागते. बाहेरच्या शिल्पांची गर्दी मागे राहते आणि आत फक्त गारवा व शांतता उरते.

बाहेरची नदी मात्र वेगळे सांगते. कारखान्यांचे सांडपाणी आणि वस्तीचा कचरा रोज थोडाथोडा पडत गेला व पाणी काळवंडले. ती एका दिवसात बिघडली नाही. जैन दर्शनात यासाठी नेमके शब्द आहेत : आत येणारा ओघ तो आस्रव आणि त्या ओघाला घातलेला बांध तो संवर.

पुढचे गाव उल्हासनगर. फाळणीत सर्वस्व गमावलेल्या सिंधी बांधवांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीला हे नाव मिळाले. आज कापड, जीन्स, फर्निचर यांची ही मोठी पेठ आहे. पण पेठ म्हटली की उधारी आली, परत आलेला धनादेश आला, महिनाअखेरचा हप्ता आला. रात्री दिवा मालवतो, डोक्यातले आकडे मालवत नाहीत. त्यांचा राग सकाळी नोकरावर आणि संध्याकाळी मुलांवर निघतो.

यावर पूर्वजांनी घालून दिलेले उपाय लहान आहेत. नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे अन्नपाण्याचा त्याग. तोच वेळ मोबाईललाही लागू करावा. सामायिक, म्हणजे दोन घटिका, पुन्हा ४८ मिनिटे, एका आसनावर समभावाने बसणे. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरण्यासारखेच. रोज जमत नसेल, तर आठवड्यातून एकदा सुरुवात करावी. कायोत्सर्गात तर काळ श्वासांनी मोजतात : एका नवकाराचे आठ श्वास. ग्राहकाशी खटका उडाला, तर उत्तर देण्यापूर्वी तेवढे आठ श्वास सर्वांनाच परवडतात.

बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर. लोकलच्या गर्दीत सामायिक होत नाही, कारण त्याला स्थिर आसन हवे. नवकाराचे स्मरण मात्र उभ्यानेही होते. पूर्वी येथे प्रवासी घोडे बदलत, म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. दुकानाचा घोडा उंबऱ्याबाहेर सोडून घरात शिरण्याची सवय व्यापाऱ्याने येथून घ्यावी.

बँकेत दिवसाची रोकड जुळल्याशिवाय दिवस बंद होत नाही. संध्याकाळचे प्रतिक्रमण ही तशीच जुळवणी आहे. कोण दुखावले, कोठे लोभ झाला, हे पाहून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणावे. संवत्सरीची वाट पाहिली, तर वर्षभराची थकबाकी एकदम अंगावर येते.

सामायिकाने उधारी वसूल होत नाही, हे खरे. परंतु वसुलीला जाताना जीभ ताब्यात राहते, आणि पेठेत पत टिकते ती जिभेवरच. वालधुनी शुद्ध करायला अनेकांचे हात लागतील. मनाच्या ओघाला बांध घालायला मात्र एकट्याच्या दोन घटिका पुरतात.