पंजाची नोंदवही

मराठी ललित लेखनात पावसाळ्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र तुमचे घर कोकणात असेल आणि त्या घरात कुत्रा असेल, तर त्याच पावसाची दुसरी बाजू तुम्हाला त्याच्या पायाच्या बोटांमध्ये पाहावयास मिळते.

आमचा मोत्या नऊ वर्षांचा आहे. जून लागला की चिपळूणजवळच्या आमच्या घरी चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढते, अंगणातली तांबडी माती सुकेनाशी होते आणि मोत्या पुढचे पंजे चाटू लागतो. बोटांमधली कातडी लाल होते, पांढरे केस लाळेने तांबूस पडतात, आंबूस वास येतो आणि एके दिवशी तो लंगडू लागतो. औषध दिले की पंजा बरा होतो. पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा तेच. तीन वर्षे असे चालल्यावर ‘मुक्या जनावरासाठी किती करायचे?’ हा शेजारचा प्रश्न आमच्या घरातही उमटू लागला. त्याहून अवघड प्रश्न आम्ही उच्चारत नव्हतो: हे दुखणे जाणारच नसेल, तर याचे म्हातारपण कसे निभावणार?

पशुवैद्यांनी तेव्हा नवे औषध लिहून दिले नाही; एक वही घालायला सांगितली. तारीख, कोणता पंजा, लाली किती, चाटणे केव्हा, एवढेच लिहायचे. वर्षभराच्या त्या नोंदींनी जे सांगितले, ते कोणा एका दिवसाच्या तपासणीत दिसले नसते. एकाच पंजाला त्रास असता, तर काटा किंवा कुसळ रुतल्याचा संशय आला असता; येथे दोन्ही पुढचे पंजे एकदम बिघडत होते. दोष केवळ ओलाव्याचा असता, तर मार्च-एप्रिलमध्ये त्रास पूर्ण थांबला असता. तो कमी झाला, पण थांबला नाही.

बोटांमधला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा जिवाणू आणि मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट दिसले. हे दोन्ही निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही थोड्या प्रमाणात नांदत असतात. कातडीचे संरक्षण ढिले पडले की ते माजतात. कातडी खरवडून पाहिली, तीत किडे नव्हते. मग आठ आठवडे मोत्याला पूर्वी कधी न खाल्लेले अन्नच दिले. फरक पडला नाही. एकेक कारण असे बाद होत गेले आणि धूळ, परागकण यांसारख्या भोवतालच्या गोष्टींची ऍलर्जी तेवढी उरली. तिच्यामुळे खाज, खाजेमुळे चाटणे, चाटण्यामुळे ओल आणि ओलीत संसर्ग, असे ते चक्र होते. आम्ही दर वेळी संसर्ग बरा करत होतो. खाज तशीच राहत होती.

ऍलर्जी सहसा कायमची जात नाही, ती आटोक्यात ठेवावी लागते, हे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले. आता खाजेचे औषध त्यांच्या देखरेखीखाली चालते. बाहेरून आल्यावर पंजे धुतो, त्यांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या द्रावणात दहा मिनिटे ठेवतो आणि प्रत्येक बोटाच्या फटीतून फडके फिरवून ते कोरडे करतो. यातले कोरडे करणे सर्वांत महत्त्वाचे. ‘हळद आणि खोबरेल लावा’ हा सल्ला प्रेमाने मिळतो. परंतु तेलाने फटीतली ओल आतच कोंडते आणि लावलेले सारे चाटून पोटात जाते. प्रतिजैविक तपासणीत गरज दिसली तरच द्यायचे आणि दिले तर सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. अर्धवट, वारंवार वापराने जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

माझ्या आईला मधुमेह आहे. तिचेही पाय रोज पाहावे लागतात, बोटांच्या फटी पुसाव्या लागतात, लहानशी जखमही दुर्लक्षून चालत नाही. मोत्याचे पंजे पुसून मी उठू लागलो की ती म्हणते, “त्याचे झाले ना? आता माझे बघ.” मधुमेह जाणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तरीही तिचे पाय पुसणे व्यर्थ आहे असे कोणी म्हणत नाही. मग मोत्याच्या बाबतीतच आपण ‘बरा होणार की नाही’ एवढेच का विचारत होतो?

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी आणि संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहात. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील असतील, कोणाच्या घरी दम्याचे मूल असेल. जे संपत नाही, अशा कामाचा शीण तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. एवढेच सुचवतो, की एक वही घाला. कालच्यापेक्षा आज किती बरे, हे डोळ्यांना चटकन दिसत नाही, वहीत दिसते. गेल्या पावसाळ्यात मोत्या चार वेळा लंगडला होता. या वर्षी ऑगस्ट अर्धा सरला तरी एकदाच. तो अजूनही पंजे चाटतो. पायऱ्या मात्र आपल्या पायांनी उतरतो.