कागदावर अनाथ

2017 सालचा पावसाळा सरत आला होता तेव्हा मी नेपाळला गेले. ललितपूरमधल्या एका बालगृहात मुलांना गणित शिकवायचं ठरलं होतं. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर शिकवलं आणि नुकतीच निवृत्त झाले होते. हातपाय धड होते, घरच्या जबाबदाऱ्या उरकल्या होत्या. पुण्यातल्या ओळखीच्या एका नेपाळी बाईंनी हे बालगृह सुचवलं. आपल्याला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौलीची सीमा, आणि पुढे काठमांडूपर्यंत रात्रभराची बस. मुग्लिंगकडे जाणारा रस्ता पावसाने खचला होता, त्यामुळे बस बराच वेळ एका जागी उभीच राहिली.

बालगृह म्हणजे भाड्याची तीन मजली इमारत. खाली स्वयंपाकघर, वर मुलांच्या खोल्या, गच्चीवर काळी टाकी आणि मागे भाताची खाचरं. सकाळी नऊच्या सुमाराला डाळभात खाऊन मुलं शाळेत जायची, संध्याकाळी पुन्हा डाळभात आणि सोबत कधी गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. सुट्टी रविवारी नसून शनिवारी. टीव्हीमुळे मुलांना हिंदी छान समजायचं, म्हणून माझं अडलं नाही. अपूर्णांक सगळ्यांचेच कच्चे होते. रोटीचे तुकडे करून आम्ही ते पक्के केले, आणि सातवीतल्या दोघी तर खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवायलाही लागल्या. स्वयंपाक करणाऱ्या दिदी सगळ्यांवर जीव टाकायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा दोष अशा माणसांच्या माथी जाऊ नये.

पहिल्याच दिवशी एक सहा-सात वर्षांची मुलगी धावत आली, मांडीवर बसली आणि गळ्यात हात टाकला. युरोपातून आलेली एक स्वयंसेविका म्हणाली, इथली मुलं फार प्रेमळ आहेत. मला मात्र ते बघून चैन पडेना. पहिलीचा वर्ग मी वर्षानुवर्षं घेतला आहे. जूनमध्ये शाळेत आलेलं पोर आईचा पदर सोडत नाही, बाईंकडे तिरक्या नजरेने बघतं, दोन दिवस बोलत नाही. ज्याला आपलं माणूस असतं ते मूल परक्यापासून आधी लांब राहतं. ही मुलं दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला बिलगत होती. रुमानियातल्या संस्थांमधल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास बुखारेस्टमध्ये 2000 नंतर झाला, त्यात अनोळखी माणसाला सहज बिलगण्याची ही सवय नोंदली गेली आहे, हे मी नंतर वाचलं. वर्गातल्या अनुभवाने मला ते आधीच जाणवलं होतं.

आश्विन-कार्तिक हा तिथे गिर्यारोहणाचा आणि पर्यटनाचा हंगाम. त्या दिवसांत पाहुण्यांची रीघ लागली. कोणी दोन आठवडे राहायचं, कोणी चारच दिवस. बहुतेकांनी आपापल्या देशातल्या एजन्सीला बरेच पैसे भरलेले असत. मुलं त्यांच्यासाठी नाच बसवायची, जाताना गळ्यात खादा, म्हणजे मानाचं उपरणं, घालायची, फोटो व्हायचे. दोन दिवसांनी नवा चेहरा. निरोपाच्या वेळी धाकटी मुलं रडायची आणि मोठी चुपचाप गच्चीवर निघून जायची. तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा तर पाहुण्यांची नावं विचारायचंच सोडून बसला होता.

मग दसैं आला. आपल्या नवरात्र-दसऱ्याचाच तो सण, पण नेपाळात तो आपल्या दिवाळीहून मोठा. काठमांडू ओस पडतं. जो तो मिळेल त्या बसने गावी जातो आणि घरातली वडील माणसं कपाळाला तांदूळ, दही आणि लाल अबीर यांचा टीका लावून डोक्यावर जमरा, म्हणजे जवाचे कोवळे अंकुर, ठेवतात. आमच्या मुलांना जायला जागा नव्हती. ती गच्चीवर पतंग उडवत बसली. विजयादशमीला संचालकांनी सगळ्यांना ओळीने टीका लावला. दहा वर्षांचा एक मुलगा ओळीतून बाहेर पडून माझ्यापाशी येऊन बसला. तो हुम्ला जिल्ह्यातला. मी त्याला जवळ घेतलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "आमा त घरमै हुनुहुन्छ." आई तर घरीच आहे.

दसैंच्या सुट्टीत मला कचेरीतले निकालपत्रकांचे कागद मुलांच्या फाइलींना लावायला दिले होते. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला सरकारी कागदाचा अर्थ बऱ्यापैकी लागतो. हुम्लाच्या त्या मुलाच्या फाइलीत गाविसचं, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या गाव विकास समितीचं, पत्र होतं. बाबु: मृत. आमा: मृत. खाली शिक्का. मी पुढची फाइल उघडली, मग त्याच्या पुढची. गावं वेगवेगळी, शिक्के वेगवेगळे, आणि अक्षर एकाच माणसाचं. मजकूरही शब्दाला शब्द तोच. त्या खोलीत वर्षानुवर्षं किती परदेशी पाहुणे बसून गेले असतील. ती लिपी त्यांना वाचता येत नव्हती.

संचालकांना विचारलं तर ते म्हणाले, कागद जसे आले तसे ठेवले आहेत. दुसऱ्या दिवसापासून कचेरीला कुलूप लागलं. मी तिथलं शिकवणं चालू ठेवलं आणि अशा मुलांची घरं शोधून देण्याचं काम करणाऱ्या एका वेगळ्या संस्थेतल्या सामाजिक कार्यकर्तीला जाऊन भेटले. तिला त्यात काहीच नवं वाटलं नाही. तिच्याकडून मला हे सगळं कसं घडलं ते समजलं.

1996 ते 2006 नेपाळात माओवाद्यांचं युद्ध चाललं. हुम्ला, जुम्ला, मुगू या कर्णालीच्या डोंगरी जिल्ह्यांत प्रत्येक घरातून एक माणूस लढायला द्या, अशी सक्ती व्हायची आणि त्यात कोवळी मुलंही जायची. दलाल गावोगाव फिरून सांगायचे, मुलाला काठमांडूच्या बोर्डिंग शाळेत घालतो, तिथे ते सुरक्षित राहील. आईवडिलांनी शेतं गहाण टाकून, जनावरं विकून त्यांना पैसे दिले. दलालांनी मुलं शहरात आणून सोडली आणि कागदावर आईवडील मारून टाकले. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण 2004 मध्ये काठमांडूजवळच्या गोदावरीला अशाच बालगृहात स्वयंसेवक म्हणून आला होता. ही मुलं अनाथ नाहीत हे कळल्यावर त्याने 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था काढली आणि त्यांचे आईवडील शोधत तो हुम्लात पायी हिंडला. युद्ध संपलं तरी दलालांचा धंदा थांबला नाही, कारण तोवर गिऱ्हाईक तयार झालं होतं. मी गेले त्या सुमारास देशात साडेपाचशेच्या वर बालगृहं आणि सोळा हजारांवर मुलं होती. नेपाळचे जिल्हे सत्तरच्या वर. पण सुमारे नव्वद टक्के बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचच जिल्ह्यांत, म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथे. आणि तीनातल्या किमान दोन मुलांची आई किंवा वडील हयात, असा तिथे काम करणाऱ्यांचा हिशेब होता. 2015 च्या भूकंपानंतर परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारने बंदी घातली ती दलाल मुलं उचलून नेतील या भीतीने.

कार्यकर्तीने हुम्लाच्या त्या मुलासाठी रीतसर अर्ज केला, त्याचा फोटो घेतला आणि तिचा सहकारी हुम्लाला गेला. नेपाळगंजहून लहान विमानाने सिमीकोट, तिथून पुढे पायवाट. तिहार, म्हणजे तिथली दिवाळी, झाल्यावर त्या मुलाचे वडील काठमांडूला आले.

त्या भेटीला मला बोलावलं होतं. वडील चाळिशीचे असतील, पण साठीचे दिसत होते. मुलगा दारात थबकला. तो पाच वर्षांचा असताना गेला होता, बापाचा चेहरा त्याला आठवत नव्हता. बापाची हुम्लाची बोलीही त्याला पुरती समजेना. वडिलांनी त्याला कवटाळलं नाही. खाली बसले, त्याचं दप्तर मागितलं, वही काढली आणि एकेक पान उलटून पाहू लागले. त्यांना वाचता येत नव्हतं. अपूर्णांकांच्या पानावर मी लाल पेनाने बरोबरच्या खुणा केल्या होत्या, त्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग विचारलं, हा कितवीत आहे? मुलाला जवळ ठेवणं की शिकवणं, यातलं एकच शक्य आहे असं त्या माणसाला सांगितलं गेलं होतं आणि त्याने काळजावर दगड ठेवून शिक्षण निवडलं होतं. त्या मुलाला आईवडिलांनी टाकलेलं पोर म्हणणं हा त्या बापावर अन्याय आहे.

आपल्या बीडमधले ऊसतोड मजूर कारखान्यावर जाताना मुलांना हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवून जातात. त्या मुलांना आपण अनाथ म्हणत नाही. हुम्लाच्या मुलांना म्हणतो, कारण त्यांचे आईवडील आपल्याला दिसत नाहीत.

शाळेचं वर्ष चैत्रात संपलं तेव्हा तो मुलगा गावी गेला. मी तोवर साताऱ्याला परतले होते. पुढे तो गावाजवळच्या शाळेत जाऊ लागला, वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च कार्यकर्तीची संस्था द्यायची, असं तिने फोनवर सांगितलं. एक पाहुणा दोन आठवडे मुलांसोबत घालवण्यासाठी एजन्सीला जेवढे पैसे भरतो, तेवढ्यात असा मुलगा आपल्या घरी राहून वर्षभर शिकू शकतो, हा हिशेब तिने मला काठमांडूतच कागदावर मांडून दाखवला होता.

2018 मध्ये नेपाळच्या नव्या बालहक्क कायद्याने मुलांना संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय ठरवला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी ही आधुनिक गुलामी मानली. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांना कुटुंबातच वाढवण्याच्या बाजूने ठराव केला. कायद्यांचं वळण योग्य आहे. जाणाऱ्यांचं मन अजून वळलेलं नाही. शेजारपाजारची तरुण मुलं आजही मला विचारतात, काकू, आम्हालाही नेपाळला, कंबोडियाला, केनियाला जायचंय, कुठे जाऊ?

त्यांना माझं एकच सांगणं असतं. जरूर जा, पण मुलांच्या खोलीत राहायला जाऊ नका. तिथल्या शिक्षकांना काही शिकवता येत असेल तर शिकवा, घरं शोधून देणाऱ्या संस्थांना पैसे द्या, आणि कोणतंही बालगृह पाहाल तिथे आधी विचारा की या मुलाचं घर कुठे आहे आणि घरच्यांशी त्याची शेवटची भेट कधी झाली. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे एक रुपयाही देऊ नका. आणि ज्यांना परदेशी जाणं जमणार नाही, त्यांच्यासाठी काम इथेच पडलेलं आहे. आई किंवा वडील गमावलेलं मूल घरच्यांपाशीच वाढावं म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, तिच्यातून दरमहा मदत मिळते. कित्येक विधवा आयांना आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आजींना तिचं नावही माहीत नसतं. असं घर तुमच्या गल्लीत असेल तर त्यांच्यासोबत जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जा आणि अर्ज भरायला मदत करा.